घरातील इलेक्ट्रॉनिक्सची खोली रिकामी करताना : काय, कोणाला आणि कसे द्यावे

प्रश्न असा आहे : नाशिकच्या इंदिरानगरमधील बंगला सोडून आम्ही येत्या अक्षय्य तृतीयेला गंगापूर रोडवरील दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहोत. ३५ वर्षांत छंद म्हणून जमवलेले पार्ट्स, ट्रान्सफॉर्मर, दोन सीआरओ (विजेचा तरंग पडद्यावर दाखवणारे ऑसिलोस्कोप), व्हॉल्व्हचे म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे जुने रेडिओ, घरी बनवलेले पॉवर सप्लाय आणि असंख्य बोर्ड यांनी एक पूर्ण खोली भरलेली आहे. यातून पैसे मिळवायचे नाहीत, पण हे सामान भंगारातही जाऊ द्यायचे नाही. ते कोणाला आणि कसे द्यावे?

सातपूर औद्योगिक वसाहतीत २८ वर्षे इलेक्ट्रॉनिक मेंटेनन्सचे काम करून निवृत्त झाल्यापासून मी अशा खोल्या रिकाम्या करायला मदत करत आलो आहे. आतापर्यंत ९ घरे झाली. त्यांपैकी ३ घरांत सामान जमवणारी व्यक्ती स्वतः शेजारी बसून एकेक डबा उघडून दाखवत होती; बाकीच्या ६ घरांत ती व्यक्ती हयात नव्हती आणि घरची माणसे दाराशी उभी राहून ‘यातले कामाचे काय ते तुम्हीच बघा’ असे म्हणत होती. पहिल्या ३ घरांतले बहुतेक सामान आज कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर चालू आहे. उरलेल्या घरांतले निम्म्याहून अधिक सामान चांगले असूनही वाया गेले, कारण ते काय आहे हे सांगणारे कोणी उरले नव्हते. आपण स्वतः हे काम हाती घेतले आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो, आणि माझा पहिला सल्ला असा की हातात असलेल्या वेळापैकी सर्वांत जास्त वेळ चिठ्ठ्या लिहिण्यात घालवावा.

चिठ्ठी म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. आपल्या फळीवर एक ट्रान्सफॉर्मर असेल, त्याच्या पत्र्यावर गंज आला असेल आणि छापलेले आकडे पुसले गेले असतील. आपल्याला तो कशाचा आहे हे ठाऊक आहे, पण घेऊन जाणाऱ्याला तो केवळ लोखंडाचा गठ्ठा दिसतो. त्यावर कागदी टेप लावून बॉलपेनने एवढेच लिहावे : ‘१२-०-१२, १ अँपिअर. काळ्या वायरी २३० व्होल्टच्या. पिवळ्या टोकांत बिनलोड २७ व्होल्ट. अर्धा तास चालवला, तापला नाही. फेब्रुवारीत तपासला.’ हे लिहायला चार मिनिटे लागतात, आणि तेवढ्याने तो ट्रान्सफॉर्मर कोणाच्या तरी ॲम्प्लिफायरमध्ये बसण्याच्या लायकीचा होतो. वस्तूबरोबर तिची माहिती गेली तरच ती वापरात येते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. स्केचपेनची शाई दमट हवेत पसरते, म्हणून बॉलपेनच वापरावे.

संस्थांविषयी थोडे मोकळेपणाने लिहितो, कारण बहुतेकांच्या मनात पहिला विचार कॉलेजला देणगी देण्याचाच येतो. सुरुवातीला मीही तेच केले. एका घरातले पार्ट्स आणि बोर्ड दोन पोत्यांत भरून मी एका शिक्षणसंस्थेत पोहोचवले. तिथे आदराने चहा मिळाला, आभाराचे पत्रही मिळाले. आठ महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी गेलो तेव्हा ती दोन्ही पोती मी बांधलेल्या सुतळीसकट जिन्याखाली पडलेली होती. पुढे ती भंगाराच्या लिलावात गेल्याचे कळले. त्या पोत्यांत काय आहे हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हते आणि मीही सांगितलेले नव्हते, त्यामुळे त्यातली मोठी चूक माझीच होती. शिवाय सरकारी किंवा अनुदानित संस्थेत एखादे उपकरण आले की त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, करावी लागते, आणि एकदा नोंद झालेली वस्तू बंद पडली तरी निर्लेखनाची, म्हणजे वस्तू नोंदीतून रीतसर कमी करण्याची, प्रक्रिया पार पडेपर्यंत ती हलवता येत नाही. म्हणून भल्या मनाने दिलेली वस्तूसुद्धा तिथल्या माणसांना कधीकधी डोईजड होते.

यावर मी काढलेला मार्ग असा आहे. संस्थेत आधी प्रयोगशाळा सहायकाला किंवा प्रत्यक्ष प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकाला भेटावे, आपली यादी त्याच्यासमोर ठेवावी आणि त्यातले नेमके काय हवे आहे ते त्यालाच खूण करून देऊ द्यावे. आयसी, ट्रान्झिस्टर, सोल्डर वायर, हुकअप वायर, कनेक्टर अशा वापरून संपणाऱ्या वस्तू तो चटकन स्वीकारतो. उपकरण द्यायचे असेल तर मॉडेल, क्रमांक आणि स्थिती लिहिलेले पत्र सोबत द्यावे. आपल्याकडे त्र्यंबक रोडवरील शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकसारखे ट्रेड शिकवले जातात, सामनगाव रोडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि पंचवटीपासून गंगापूर रोडपर्यंत अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. आयटीआयच्या मुलांना मी नेहमी पहिले स्थान देतो, कारण त्यांच्या हाताला काम असते आणि घरी मात्र स्वतःचे म्हणावे असे एखादे सोल्डरिंग आयर्नसुद्धा पुष्कळांकडे नसते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट साधारण मार्च-एप्रिलमध्ये सादर होतात, म्हणून त्यांना द्यायचे ते जानेवारीपर्यंत पोहोचलेले बरे.

ज्या शाळांना नीती आयोगाच्या योजनेतून अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे, त्यांना आर्डुइनोचे प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड किंवा सेन्सर देण्याची घाई करू नये. ते त्यांच्याकडे बहुधा असतात. मी अशा एका प्रयोगशाळेत गेलो होतो तेव्हा तिथे सेन्सरची खोकी भरलेली होती आणि चाळीस मुलांत मिळून वायर सोलायचा कटर एकच होता. कटर, नोज प्लायर, छोटे स्क्रूड्रायव्हर, हेल्पिंग हँड (सोल्डर करताना वस्तू धरून ठेवणारा स्टँड), वेगवेगळ्या मापांचे स्क्रू-नट, छोट्या डीसी मोटारी आणि स्पीकर, हे सगळे शाळेत सोन्यासारखे वापरले जाते.

सुटे पार्ट्स देण्याची सर्वांत चांगली रीत म्हणजे एका सर्किटला लागणारे सर्व पार्ट्स एका पिशवीत घालून देणे. शिकणाऱ्या मुलाला आपण २०० आयसींचा डबा दिला तर तो कौतुकाने घरी नेतो आणि कपाटात ठेवतो. त्याऐवजी ५५५ टायमर, आठ पायांचा सॉकेट, १ के आणि ६८ के हे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एक एलईडी, त्याच्यासाठी ४७० ओहम, ९ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप आणि हाताने काढलेले सर्किट असे एका झिपच्या पिशवीत दिले, तर त्याच संध्याकाळी त्याच्याकडे सेकंदाला साधारण एकदा लुकलुकणारा दिवा तयार असतो, आणि दुसऱ्या दिवशी तो कपॅसिटर बदलला तर काय होते हे विचारायला येतो. १९७२ साली बाजारात आलेली ही आयसी आजही सर्वत्र मिळते, त्यामुळे तिच्यावर शिकलेले वाया जात नाही. आपल्याकडच्या डब्यांतून अशा २०-२५ पिशव्या सहज निघतील. घरातल्या सगळ्यांनी दोन रविवार बसून भरल्या तर आणखी लवकर होतील.

पाव वॅटचे मिसळलेले रेझिस्टर निवडत बसू नयेत. मूठभर नवे रेझिस्टर चहाच्या पैशांत येतात आणि आपले डोळे त्याहून मोलाचे आहेत.

आयसी देताना त्यांचे पाय भिंगाखाली पाहावेत. जुन्या काही आयसींच्या पायांना चांदीचा मुलामा असे आणि हवेतल्या गंधकाने तो काळा पडतो. अशा पायावर सोल्डर धरत नाही आणि सॉकेटमध्येही संपर्क नीट होत नाही. साध्या खोडरबराने दोन्ही बाजूंनी हलकेच घासले की पाय पुन्हा उजळतात. ज्या काळ्या फोममध्ये आयसी टोचून ठेवण्याची पद्धत होती, तो फोम वीस-तीस वर्षांत कुजून चिकट होतो आणि पाय खातो, म्हणून त्यातून त्या ताबडतोब काढाव्यात. थर्मोकोलमध्ये मात्र खोचू नयेत, कारण स्थिर विजेने सीमॉस आयसी आणि मॉसफेट हे नाजूक प्रकार मरतात. अँटिस्टॅटिक पिशवी नसेल तर पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून तीत खोचाव्यात.

एसी१२८, एसी१८७, एसी१८८ असे जर्मेनियम ट्रान्झिस्टर, ओए७९ डायोड, मूळ बनावटीचे २एन३०५५ आणि एसएल१००, एसके१०० हे वेगळे काढावेत. जुने ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना ते हवे असतात, आणि २एन३०५५ तर आज बाजारात नकली इतके येतात की खात्रीचा जुना नग मिळाला की मेकॅनिक हातात धरून ठेवतो. व्हॉल्व्हच्या बाबतीत एक काळजी घ्यावी : काचेवर छापलेला क्रमांक ओल्या फडक्याने, कधीकधी नुसत्या बोटानेसुद्धा, पुसला जातो. मी स्वतः एका घरात धूळ काढण्याच्या उत्साहात चार व्हॉल्व्ह अनोळखी करून टाकले होते, आणि ते मला आजही बोचते. धूळ राहू द्यावी, आधी क्रमांक वाचून खाली बेसला चिठ्ठी बांधावी.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण सर्वांत जास्त फसगत तिथे होते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर क्षीण होतो. त्याला एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर गळती वाढते, तो तापतो आणि फुटूही शकतो. ६३ व्होल्टपर्यंतचे नग कंपोनंट टेस्टरवर तपासून, ज्यांची क्षमता छापील आकड्याच्या जवळ आहे आणि ईएसआर (आतला रोध) कमी आहे तेवढेच ठेवावेत; बुडाशी फुगलेले किंवा पायाशी ओल दिसणारे पाहताक्षणी बाजूला काढावेत. टेस्टरला लावण्यापूर्वी प्रत्येक कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करावा, नाहीतर टेस्टरच जातो. ३५० किंवा ४५० व्होल्टचे जुने नग नवशिक्याला कधीही देऊ नयेत. व्हॉल्व्हचे काम करणारा जाणकार असेल तर तो मोठा रेझिस्टर सिरीजमध्ये ठेवून, काही तासांत हळूहळू व्होल्टेज चढवून ते पुन्हा तयार करू शकतो. तसा कोणी नसेल तर ते ई-कचऱ्यात जावेत.

मेनवर, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर, चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला माझा एक नियम आहे आणि तो मी एका वाईट प्रसंगानंतर केला. घरी बनवलेला, पत्र्याच्या कॅबिनेटमधला माझा एक पॉवर सप्लाय मी एका मुलाला दिला होता. त्याला दोन पिनची वायर होती, आत मेनची वायर पत्र्याला घासून सोलली गेली होती, आणि मुलाला शॉक बसला. सुदैवाने तो बचावला. तेव्हापासून तीन पिनची वायर, कॅबिनेटला पक्के अर्थिंग, योग्य फ्यूज आणि वायर जिथून आत जाते तिथे रबरी ग्रोमेट, एवढे झाल्याशिवाय मेनवरची कोणतीही वस्तू मी घराबाहेर जाऊ देत नाही. वेळ नसेल तर तिची मेनची वायर मुळाशी कापून ‘फक्त पार्ट्ससाठी’ असे लिहून द्यावी. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर, म्हणजे वस्तूच्या वाटेत १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब लावूनच करावे. बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे हे लगेच कळते.

व्हॉल्व्हच्या रेडिओंपैकी ज्यांच्या व्हॉल्व्हचे क्रमांक यू अक्षराने सुरू होतात, ते बहुधा एसी-डीसी सेट असतात. त्यांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चेसिस थेट मेनला जोडलेली असते. असा रेडिओ शोभेसाठी मागणाऱ्या घरी देताना वायर काढूनच द्यावा. दुरुस्तीसाठी द्यायचा असेल तर मेनपासून वेगळे करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेल्या मेकॅनिकलाच द्यावा.

आता आपल्या दोन सीआरओंविषयी. २० मेगाहर्ट्‌झचा ड्युअल ट्रेस सीआरओ आज पुष्कळांना कालबाह्य वाटतो, पण ऑडिओ ॲम्प्लिफायर, सेन्सर आणि छोट्या कंट्रोल सर्किटच्या कामाला तो अजूनही उत्तम आहे, आणि तरंग डोळ्यांपुढे सरकताना बघून मुलाला जे समजते ते पुस्तकातून समजत नाही. देण्यापूर्वी अर्धा तास गरम होऊ द्यावा आणि प्रोब पुढच्या बाजूच्या कॅल टर्मिनलला (तपासणीच्या तरंगाच्या टोकाला) लावावा. तिथे सहसा १ किलोहर्ट्‌झचा चौकोनी तरंग मिळतो. त्याचे कोपरे गोल दिसले किंवा टोकदार चढले तर प्रोबवरील ट्रिमर बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवून ते काटकोनात आणावेत. दोन्ही चॅनेलवर हे जमले, ट्रिगर स्थिर राहिला आणि सर्व नॉब खरखर न करता फिरले तर सीआरओ ठीक आहे. घेणाऱ्याला तीन गोष्टी तोंडी आणि लेखी सांगाव्यात : ठिपका एकाच जागी प्रखर ठेवू नये, पडदा जळतो, कॅबिनेट उघडू नये, आत दोन हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि बंद केल्यावरही टिकतात, आणि एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) च्या मेनकडील बाजूवर, म्हणजे प्रायमरीवर, मोजता यावे म्हणून अर्थ पिन कापून टाकण्याचा जो प्रकार दुकानांत चालतो तो कदापि करू नये. दोन्ही सीआरओ एकाच ठिकाणी देऊ नयेत. एक आयटीआयमध्ये आणि एक एखाद्या तरुण मेकॅनिकला दिला तर मला समाधान वाटेल.

मल्टीमीटर मात्र एक-दोनच देऊन थांबू नये, एक ठेवून बाकीचे सगळे द्यावेत, कारण फ्लॅटमध्ये आपल्याला एकच पुरेल. नाशिकरोडच्या मोटवाने कंपनीचा ॲनालॉग मीटर आपल्याकडे असेल, आणि आपल्या पिढीच्या नाशिककराकडे तो बहुधा असतोच, तर त्यातले सेल काढून ठेवावेत, टर्मिनलवरची हिरवी-पांढरी पूड व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून नंतर कोरडी करावी, आणि काटा न अडकता शून्यावर येतो ना ते पाहावे. हलणारा काटा बघत कपॅसिटर चार्ज होताना दाखवण्यासारखी सोपी शिकवणी दुसरी नाही.

रिले, काँटॅक्टर, टायमर आणि करंट ट्रान्सफॉर्मर यांच्यासाठी वेगळेच गिऱ्हाईक आहे आणि ते शहरातल्या छंदवाल्यांच्या ध्यानातही येत नाही. निफाड-दिंडोरी भागात द्राक्षबागांच्या पंपांना रात्री-अपरात्री वीज येते, त्यामुळे ऑटो स्टार्टर आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (तीनपैकी एखादी फेज गेली की मोटार बंद करणारे उपकरण) दुरुस्त करणारे गावोगावी आहेत. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात विचारले की ते सापडतात. त्यांना देताना काँटॅक्टरच्या कॉइलचे व्होल्टेज मोठ्या अक्षरात लिहावे, कारण ४१५ व्होल्टच्या जागी २३० ची कॉइल बसली तर ती जळते, आणि काँटॅक्ट उघडून ते खड्डे पडलेले नाहीत याची खात्री करावी.

आपल्या सामानात ट्रान्समीटर, वॉकीटॉकी किंवा हौशी रेडिओचा सेट असेल तर तो परवानाधारकाखेरीज कोणालाही देऊ नये. हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा देते आणि परवानाधारकाची कॉलसाइन व्ही आणि यू या अक्षरांनी सुरू होते. परवान्याची प्रत पाहून, आपल्याकडे एक प्रत ठेवूनच सेट सोपवावा.

काही वस्तू कोणालाच देऊ नयेत. फुगलेली लिथियम बॅटरी, २.५ व्होल्टच्या खाली बसलेले १८६५० मापाचे लिथियम सेल, पाऱ्याचे टिल्ट स्विच, तेल गळणारे जुने कपॅसिटर, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचे जुने लष्करी मीटर आणि पांढऱ्या सिरॅमिकचे आरएफ पॉवर ट्रान्झिस्टर, ज्यांत बेरिलियम ऑक्साइड असू शकते, ज्याची धूळ विषारी असते, आणि जे कधीही फोडू किंवा घासू नयेत, हे सगळे एका वेगळ्या खोक्यात. बटण सेल मुलांच्या पिशव्यांत चुकूनही जाऊ नयेत. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका जळू शकते. पीसीबी एचिंगचे, म्हणजे बोर्डावरचे नको असलेले तांबे विरघळवण्याचे, फेरिक क्लोराइड मोरीत ओतू नये, कारण त्यातले तांबे शेवटी गोदावरीत जाते. बरणीचे झाकण पक्के बंद करून ती चालू एचिंग करणाऱ्याला द्यावी.

जे खरोखर मेले आहे ते घंटागाडीत टाकू नये आणि वजनावर घेणाऱ्या भंगारवाल्यालाही देऊ नये. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात, बोर्ड ॲसिडमध्ये बुडवले जातात, आणि तो धूर शेवटी वस्तीतच जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत रिसायकलर ठरवून दिलेले आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्यांची यादी असते. लेड-ॲसिड बॅटरी विकणाऱ्या दुकानदाराकडेच परत करावी. जुन्या हार्ड डिस्क देण्यापूर्वी त्यांतली माहिती पूर्ण पुसावी किंवा प्लेटला भोके पाडावीत.

सर्वांत शेवटी त्या वह्या, ज्यांत आपण सर्किट काढली, कॉइलचे वेढे लिहिले आणि काय बिघडले ते टिपले. त्या वह्या आपल्याजवळच राहू द्याव्यात, पण प्रत्येक पानाचा फोटो काढून ज्याला ते उपकरण दिले त्याला पाठवावा. आणि खोलीचे दार बंद करण्यापूर्वी एक आयर्न, एक मीटर, थोडी सोल्डर वायर आणि अर्धवट राहिलेले एखादे सर्किट एका टिफिनच्या डब्यात भरून गंगापूर रोडच्या फ्लॅटवर न्यावे. ते ठेवायला बाल्कनीऐवजी बेडरूमचा कप्पा निवडावा, कारण पावसाळ्यात बाल्कनीची ओल सगळ्यात आधी पार्ट्सच्या पायांना लागते.